म्हसोबातून जाणारी रेघ

तारनाका, हैदराबाद
१२ जानेवारी २०२५, रविवार

आत्या,

वर तीर्थरूप लिहायचं की नुसतं आत्या, यातच बराच वेळ गेला. नुसतं आत्या ठेवलं. फोन तू उचलत नाहीस. दुसऱ्याच्या नंबरावरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतेस. म्हणून पत्र. पोस्टातली बाई विचारायली, आजकाल पत्र कुणाला लिहितात लोक. मी म्हटलं, आमच्या देगलूरच्या गणिताच्या बाईंना.

आणि ते खोटं नाही. बाकी काही मागायला लिहीत नाही. एक गणित अडलंय.

मी आता टाईल्सच्या कामावर नाही. हॉटेल सोडलं, कुरिअर सोडलं, टाईल्स सोडल्या, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. त्यावर तू काय म्हणाली असशील तेही मला इथे बसून ऐकू येतं. आता सर्व्हेच्या कामावर आहे. हिम्मतराव म्हणून नांदेडकडचे आहेत, नारायणगुड्यात त्यांचं एका खोलीचं ऑफिस आहे. प्लॉट, रस्ते, हद्दी मोजून देतात. तीन पायांवर मशीन उभं करून ते त्यातून बघतात आणि लांब दुसऱ्या टोकाला मी आरशाचा दांडा धरून उभा असतो. दांडा हलला तर आकडा हलतो. म्हणजे दिवसभर न हलता उभं राहायची नोकरी, आणि ती मला मिळाली. तुला हसू आलं असेल तर बरं झालं.

हिम्मतराव म्हणतात, दांडा धरणारे पुष्कळ मिळतात, मशीनवर यायचं असेल तर हाताने गणित करून दाखव. मशीन उत्तर देतं, पण ते खरं का खोटं हे माणसाला कळलं पाहिजे. मग त्यांनी एक खरं काम दिलं, आकडे सोपे करून.

काम असं. ऑफिसच्याच मागच्या गल्लीत एका जुन्या शाळेची दगडी भिंत आहे. तिला टेकून एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर आणि पिठाची गिरणी. गिरणीसमोर बोळ. बोळाच्या पलीकडे मोकळी जागा होती, तिथे आता फ्लॅटांची सोसायटी झाली. सोसायटीला कंपाउंडची भिंत बांधायची आहे. दोघांचे कागद काढले तर आकडेच जुळेनात. शेवटी बसून ठरलं की नवी भिंत जुन्या दगडी भिंतीला समांतर घ्यायची, आणि बोळात एक हद्दीचा दगड आहे त्यातून न्यायची. म्हणजे तुझ्या पुस्तकातलंच, दिलेल्या रेषेला समांतर आणि दिलेल्या बिंदूतून जाणारी रेषा.

जुनी भिंत कागदावर (0, 2) पासून निघते आणि (20, 7) ला संपते. दगड (8, 10) वर आहे. सगळं मीटरमध्ये.

मी काय केलं ते लिहितो. y = mx + c एवढं आठवत होतं, तुझ्या आवाजासकट आठवत होतं. जुन्या भिंतीचा c दोन. तो धरून ठेवला. मग दगडाचे आकडे घातले. 10 = 8m + 2, म्हणून m = 1. उत्तर y = x + 2. तपासून बघितलं, दगड बरोबर बसतो त्यात.

हिम्मतरावांनी कागद बघून चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "बावा, ही भिंत तर शाळेच्या कोपऱ्यातून निघाली आणि म्हाताऱ्याच्या गिरणीतून आरपार गेली. त्याने दळण कुठं दळायचं, भिंतीवर बसून?" ऑफिसातले सगळे हसले. मीपण हसलो, पण रूमवर येईपर्यंत कान गरम होते.

माझं कुठं चुकलं तेवढं सांग. निघताना दारात मी तुला जे बोललो त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. तू माझी आई नाहीस हे तुलाही माहीत होतं आणि मलाही, बोलायची गरज नव्हती.

पत्ता मागे लिहिलाय.

गौतम


२ फेब्रुवारी, रविवार

आत्या,

कार्ड मिळालं. रूममधली पोरं विचारायली, कुणाचं आहे, काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं.

"दोन रेषा समांतर म्हणजे चढ सारखा. m धरायचा, c सोडायचा. तू m सोडलास आणि c धरलास. पुन्हा काढ."

सगळं लाल शाईत. खाली नाव नाही. पोरं म्हणाली, ही कसली आत्या रे, खुशाली नाही, काही नाही. मी म्हटलं, माझ्या आत्याची खुशाली अशीच असते. नंतर कार्ड उलटून पत्त्याच्या बाजूलाही बघितलं, कोपऱ्यात काही आहे का.

तू सांगितलंस तसं पुन्हा काढलं. चढ म्हणजे सात वजा दोन, भागिले वीस. पाच भागिले वीस, म्हणजे एक चतुर्थांश. तो आता हातातून सोडायचा नाही. दगड घातला तर 10 = 8/4 + c, c = 8. उत्तर y = x/4 + 8. हिम्मतरावांनी मशीनवर ताडून बघितलं आणि नुसती मान हलवली. आत्या, नववीनंतर पहिल्यांदा माझं एखादं उत्तर बरोबर आलं. मी बाहेर जाऊन एक फेरी मारून आलो, नुसता.

आता जागेवरचं सांगतो. गिरणीवाले भगवंतराव आणि त्यांची बायको जयवंताबाई. मूळचे बासरकडचे शेतकरी, पण निजामाच्या काळात आजोबा इकडे आले ते इथलेच झाले. भगवंतरावांना गिरणीच्या आवाजाने कमी ऐकू येतं, म्हणून साधी गोष्टही ते भांडल्यासारखी बोलतात. जयवंताबाई हळू बोलतात, आणि ते बरोबर यांनाच ऐकू येत नाही. असा संसार चाललाय.

हद्दीचा दगड म्हणजे साधा दगड नाही. शेंदूर फासलेला, पुढे लिंबं, गिरणीच्या पायरीजवळ छोट्या सिमेंटच्या ओट्यावर बसवलेला. मी दांडा त्याच्या डोक्यावर टेकवायला गेलो तर जयवंताबाईंनी आधी चप्पल काढायला लावली. म्हणाल्या, "आमच्यासाठी म्हसोबा, तेलुगू बायकांसाठी पोचम्मा, आणि तुझ्या साहेबांसाठी कोण काय की." मी म्हटलं, बिंदू. त्या म्हणाल्या, "हौ, तेही नाव घेऊ आम्ही, नवसाला पावू दे फक्त."

सोसायटीचे सेक्रेटरी प्रकाशसाहेब पुण्याचे आहेत, कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. माणूस सभ्य, म्हाताऱ्याला काका म्हणतात. दगडाची गोष्ट भगवंतरावांनीच काढली म्हणे. ते म्हणाले, कागद खोटं बोलतात, देव बोलत नाही, म्हसोबातून भिंत घ्या. प्रकाशसाहेबांना भांडण नकोच होतं, ते लगेच हो म्हणाले.

आम्ही दोन टोकांना दोन खुंट्या ठोकल्या. मधे अजून काही नाही, नुसती मोकळी जमीन. गिरणी चालते ती मेसवाल्यांच्या दळणावर. गव्हाची, ज्वारीची पोती हातगाडीवरून बोळात येतात, दारासमोर गाडी वळते, पीठ घेऊन परत जाते. भगवंतरावांनी मला विचारलं, हातगाडी जाईल ना रे. मी म्हटलं, काका, दगडातून आहे, गणित बरोबर आहे. ते खूश झाले.

आता लिहिताना दिसायलं की त्यांनी विचारलं एक आणि मी सांगितलं दुसरंच.

कार्ड पाठवत जा. गणितच लिही, चालेल.

गौतम


१६ फेब्रुवारी, रविवार

आत्या,

एक शंका आहे. बिंदू चुकीचा दिला असेल तर काय करायचं? पुस्तकात तसं नसतं. पुस्तकात बिंदू दिलेला असतो, आणि दिला कुणी हे कुणी विचारत नाही.

काल भिंतीची उंची ठरवायला गेलो होतो. जयवंताबाईंनी चहा दिला. गिरणी चालू होती, भगवंतराव आत होते. त्या म्हसोबाला पाणी घालत होत्या आणि सहज गोष्ट सांगितल्यासारखं सांगायला लागल्या. म्हसोबा आधी इथे नव्हता. पलीकडे विजेच्या खांबाजवळ होता, उन्हापावसात. बोळातून नळाची लाईन टाकली तेव्हा कामगारांनी तो उपटून बाजूला ठेवला. भगवंतराव तेव्हा भावाच्या दिवसांना बासरला गेले होते. बाईंना वाटलं, देवाला परत तिकडे चिखलात कशाला ठेवायचा. त्याच कामगारांकडून त्यांनी पायरीजवळ हा ओटा करून घेतला आणि देव जवळ घेतला. हसून म्हणाल्या, "यांना सांगू नको. देव हलवला म्हटलं असतं तर बोंबलले असते. मी म्हटलं, नळवाल्यांनी ओटा करून दिला. यांना दळणापलीकडे दिसतं काय."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांना काही वाटलं नाही. देवाची गोष्ट देवाच्या जागी, भिंतीची गोष्ट पुरुषांची. दोन्ही एकच दगड आहे हे त्यांच्या मनातही नव्हतं.

चहा झाल्यावर मी खांबाजवळ गेलो. पायाने माती सरकवली. तिथे जुन्या चुन्याचं आणि विटांच्या तुकड्यांचं गोल आळं आहे, बरोबर दगडाच्या बुडाएवढं. टेपने मोजलं. (8, 11). म्हणजे देव मीटरभर गिरणीकडे आला, आणि त्याच्या मागून भिंतही मीटरभर गिरणीकडे येणार. खऱ्या हद्दीने बोळ दोन मीटर राहतो. आमच्या रेघेने एक. हातगाडी एका मीटरमध्ये शिरतच नाही, वळायचं तर लांब.

पायाचा चर गुरुवारी खणणार आहेत.

हिम्मतरावांना अजून सांगितलं नाही. आधी तुला विचारावं म्हटलं. तू म्हणशील, यात विचारायचं काय. पण बाईंनी सांगू नको म्हटलंय. शिवाय दोघांनी मिळून जो बिंदू दिला तो आम्ही घेतला, आमचं काम तेवढंच. शिवाय माझं उत्तर बरोबर आहे. तूच तपासलेल्या रीतीने काढलंय. आता ते चुकीचं आहे असं मीच जाऊन सांगायचं म्हणजे

हे वाक्य मला पुरं करता येईना. असंच राहू दे.

लवकर कळव.

गौतम


९ मार्च, रविवार

आत्या,

तुझं कार्ड आलं त्या दिवशी भिंत माझ्या छातीपर्यंत आली होती.

"बिंदू चुकला तर c चुकतो. आधी बिंदू तपासायचा, मग गणित करायचं. पुन्हा काढ."

पुन्हा काढलं. चढ तोच. 11 = 8/4 + c, c = 9. बोटावर मोजण्यासारखं गणित. ते तुला विचारायची गरज नव्हती, मला आधीच येत होतं. तुला पत्र लिहिलं आणि मला वाटलं, मी काहीतरी केलं. आता तुझं उत्तर येईपर्यंत मी मोकळा. देगलूरला पत्र जायला किती दिवस लागतात ते मला चांगलं माहीत होतं.

गुरुवारचं सांगतो. सकाळीच मेस्त्री आला. खुंट्यांना दोरी बांधली, दोरीवरून चुन्याची फक्की टाकली, आणि नुसत्या मातीवर एकदम भिंत दिसायला लागली. तोवर दोन खुंट्यांमध्ये कुणालाच काही दिसत नव्हतं. भगवंतराव बाहेर येऊन बघत राहिले. म्हणाले, जवळ वाटायली रे. मग स्वतःच म्हणाले, पण म्हसोबातूनच आहे ना, मग देवाने दिलं तेवढं. आणि आत जाऊन गिरणी सुरू केली. जयवंताबाई दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. त्या भिंतीकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. मी दांडा धरून होतो. दांड्याला एक पाण्याचा बुडबुडा असतो, तो मधोमध ठेवायचा असतो. मी बुडबुड्याकडे बघत राहिलो.

कार्ड वाचल्यावर हिम्मतरावांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शिवी दिली नाही, ती दिली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "दोरी होती तेव्हा बोलायचं होतंस. दोरी एका हाताने सरकते." मग म्हणाले, चल.

मला घेऊन ते प्रकाशसाहेबांकडे गेले. साहेबांनी शांतपणे ऐकलं. खुणा दाखवा म्हणाले. आम्ही तिघं खाली गेलो. खांबाजवळ गाड्या लावायला काँक्रीट टाकलं होतं. सबंध पट्टा, खांबाच्या बुडापर्यंत. अजून ओलं होतं म्हणून वर पोती अंथरली होती. मी पोतं उचलून जागा दाखवली. सपाट. प्रकाशसाहेब म्हणाले, "मला तुझं खरं वाटतंय. पण मीटिंगमध्ये मी काय दाखवू? सत्तर घरं आहेत. तू म्हणतोस म्हणून भिंत पाडायची, असं सांगू?" मी विचारलं, नळवाले कामगार शोधले तर. ते म्हणाले, शोध की. कुठे शोधू, आत्या. ते कुठल्या गावचे होते हेही कुणाला माहीत नाही.

रेघ मला आता काढता येते, कुठल्याही रेषेला समांतर, हव्या त्या बिंदूतून. पण बिंदू काँक्रीटखाली गेला, तो आता मला कोण देणार.

जयवंताबाईंना काही बोललो नाही. त्यांना वाईट वाटेल. त्यांना तर ठाऊकही नाही की देव हलवल्यामुळे हे झालं. न कळलेलंच बरं.

मी नोकरी सोडून जायचा विचार केला. बॅगही भरली होती. बंगळुरूला एक ओळखीचा आहे. मग बॅगेकडे बघितलं आणि तूच दारात उभी राहून बघायली असं वाटलं. बॅग अजून तशीच आहे, त्यातूनच कपडे काढतो आणि घालतो.

गौतम


६ एप्रिल, रविवार

आत्या,

तुझ्या या कार्डावर गणित नाही. घराबाहेर पडल्यापासून मी वाट बघत होतो की तू गणिताशिवाय काहीतरी लिहिशील, कसा आहेस एवढं तरी. आणि आलं ते हे. लाल नाही, निळ्या शाईत.

"गिरणीवाल्या बाईंना सांगितलंस का?"

सांगितलं. कार्ड आलं त्याच दुपारी गेलो. गिरणी बंद होती, भगवंतराव झोपले होते. मी उभ्याउभ्याच सगळं बोललो. आळं, खांब, मीटर, c आठ नाही नऊ, सगळं. त्या गहू निवडत होत्या. निवडणं थांबलं नाही.

म्हणाल्या, "चर खणला त्याच दिवशी कळलं मला. फक्की पडली तसं दिसलं. मी तुझ्याकडंच बघायली होते."

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत.

"मी बोलले असते तर काय झालं असतं? म्हातारीने आधी हद्दीचा दगड हलवला, आता जागा मागायली, असंच म्हटलं असतं ना सगळ्यांनी. यांनीपण. तू मशीनवाला. तू बोलला असतास तर मशीन बोललं असतं. मी तुला चहा पिताना सांगितलं होतं, बेटा. तुला एकट्याला सांगितलं होतं."

त्यात राग नव्हता. सुपातला खडा वेचून बाजूला टाकावा तसं म्हणाल्या. मी म्हटलं, काकांना मी सांगतो, चूक माझी आहे म्हणून सांगतो. तेव्हा मात्र त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "नक्को. यांना वाटतं देवाने दिलं तेवढं घेतलं, म्हणून शांत आहेत. मी दिलं हे कळलं तर गिरणीला कुलूप लावून बसतील. शपथ घे." मी शपथ घेतली. कुणाची घेऊ विचारलं तर म्हणाल्या, ज्याची तुला भीती वाटते त्याची. मी तुझी घेतली. आधी विचारायला पाहिजे होतं.

म्हणजे एकीला सांगितलं आणि दुसऱ्याला आता कधीच सांगता येणार नाही. तू विचारलंस त्याचं हे उत्तर. बरोबर की चूक ते मला ठरवता येत नाही.

बोळ आता बघवत नाही. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. हातगाड्या मोठ्या रस्त्यावरच थांबतात. मेसवाले दोन आठवडे पोती खांद्यावरून आणत होते, मग त्यांनी जामबागची गिरणी धरली. गाडीवाल्यांना दोष कसा द्यायचा. आता घरगुती डबे येतात तेवढेच. सोसायटीतल्या काही बायका भिंतीवरून डबा देतात आणि भिंतीवरूनच घेतात, त्यांना सोपं झालंय. प्रकाशसाहेबांनी भिंतीत छोटं फाटक ठेवू का म्हणून मीटिंगमध्ये विचारलं. चोरीची भीती म्हणून लोक नाही म्हणाले. त्यांनी विचारलं तरी.

हिम्मतरावांनी मला मशीनवर घेतलं. मी नको म्हणालो तर म्हणाले, तुझं गणित कुठं चुकलं होतं? आता दांडा दुसरा मुलगा धरतो आणि मी मशीनमधून बघतो. हद्दीचा दगड दिसला की आधी मशीन सोडतो, आजूबाजूच्या घरांत जाऊन विचारतो की हा इथेच होता का. हिम्मतराव म्हणतात, तू वेळ फार घेतोस. मी घेतो.

रविवारी गिरणीवर जातो. एक मेसवाला अजून यांच्याकडेच दळतो, जुनी ओळख म्हणून. त्याची पोती रस्त्यावरून आत आणून टाकतो. पाठ लावून, तिरपं होऊन चालावं लागतं. जयवंताबाई पाणी देतात, बोलत नाहीत, बघतही नाहीत.

आज शेवटचं पोतं टाकलं तर भगवंतराव गिरणी बंद करून बाहेर आले. अंगभर पीठ. मला बाकड्यावर बसवलं आणि त्यांच्या त्या भांडल्यासारख्या आवाजात सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं म्हणाले, सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्यासाठी कोण एवढं करतं, चांगल्या घरचा पोरगा आहेस. घरी कोण आहे विचारलं. मी म्हटलं, आत्या आहे, तिनेच वाढवलं. काय करते विचारलं. मी म्हटलं, शाळेत गणित शिकवते.

त्यांनी पिठाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "तरीच. मोजमाप कसं देवासारखं चोख केलंस. तिनेच शिकवलं असेल ना?"

जयवंताबाई दारात होत्या. शपथ तुझीच होती.

मी हो म्हणालो.

गौतम